चांदीच्या मुलाम्याची किटली

न्यू जर्सीत पोलीस डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केली, त्यात दरोडे पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या. पण जुन्या आठवणी निघाल्या की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे उभी राहते ती एक कॉफीची किटली.

किटली जुनी, इंग्लंडची, तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली. पार्सिपनीतल्या एका अमेरिकन आजींना ती सासूबाईंनी लग्नात दिली होती. आजींना दिसायचं कमी. दुपारी त्यांच्या सोबतीला शेजारच्या एक मराठी काकू यायच्या. एक दिवस किटली दिसेनाशी झाली आणि पाठोपाठ काकूही यायच्या बंद झाल्या. आईला भेटायला आलेल्या मुलाच्या हे लक्षात आलं. त्याने तक्रार नोंदवली आणि काकूंचं नाव घेतलं. काकू ग्रीन कार्डवर होत्या. चोरीचा डाग लागला असता, तर लेकीला इथे सोडून परत जायची पाळी आली असती.

हरवलेल्या वस्तूंची यादी आम्ही जुन्या मालाच्या दुकानांना पाठवायचो. तिसऱ्या दिवशी एका दुकानदाराचा फोन आला. साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई किटली घेऊन आल्या होत्या. चांदी पुन्हा चढवून मिळेल का, असं विचारत होत्या. तो चौकशी करतो म्हणाला, तर स्वतःचा फोन नंबर लिहून देऊन गेल्या. चोर कधी आपला नंबर देऊन जात नाही. ही चोरी नसावी, अशी मला शंका आली ती तिथेच.

काकूंना ठाण्यावर बोलावलं, त्यांचे हक्क वाचून दाखवले. इंग्रजीत काहीही विचारलं तरी मान खाली. शेवटी मी मराठीत विचारलं, "काकू, किटली कशाने घासलीत?"

त्यांना रडूच फुटलं. "काळी पडली होती हो. आजींना सरप्राइज द्यावं म्हटलं. चिंच-मीठ लावलं, तारेची घासणी घेतली. तांबं दिसायला लागलं तसा मला हुरूप आला. वाटलं, आता निघतेय लख्ख. म्हणून आणखी घासली. चांदीच निघून गेली हे मागाहून कळलं, मग आजींना तोंड दाखवायची लाज वाटली."

मी हसू दाबलं. माझ्या आईनेही हेच केलं असतं.

किटली आणि काकू, दोघींना घेऊन मी आजींकडे गेलो. मुलगा तणतणत होता. आजींनी किटलीवरून एकदा हात फिरवला आणि ती बाजूला ठेवली. "किटलीचं राहू दे," त्या काकूंना म्हणाल्या, "पाच दिवस तू का आली नाहीस?"

काकू डोळे पुसत कॉफी करायला उठल्या.

तक्रार निराधार म्हणून मी फाइल बंद केली. तपासाच्या दिवसांत मुलाशी मी रोज बोलत होतो. पण तुमचं काय हरवलंय, हे आजींना एकदाही विचारलं नव्हतं. त्याची मला अजून लाज वाटते. पुढे निवृत्त होईपर्यंत कुठल्याही घरात शिरलो की मी तो प्रश्न आधी विचारायचो, आणि तोही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला.