डबे, बाण आणि आमचे साडू

जगात जे जे काही चालतं ते कशाकशाचं मिळून बनलं आहे आणि त्यातलं कोण कोणाशी काय बोलतं, हे कागदावर काढल्याशिवाय आमच्या साडूंना अन्न गोड लागत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अर्धं आयुष्य त्यांनी पुण्यात एका मोठ्या कंपनीत काढलं, पण तिथे ते नेमकं काय करतात हे आम्हा मेहकरच्या नातेवाइकांना कधी कळलं नाही. कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापलेलं, त्यामुळे सुट्टीत गावी आले की कोणी ना कोणी जिन्याचा नकाशा काढून घ्यायला दारात उभं असायचं. ते न चिडता समजावत, की बाबा, मी घराचा नाही, कारभाराचा नकाशा काढतो. एखाद्या बँकेत कॉम्प्युटरच्या ढीगभर यंत्रणा असतात. एक व्याज काढते, एक खातं उघडते, एक गिऱ्हाइकाला मेसेज पाठवते. कुठली कोणाच्या पोटात आहे आणि कुठली कोणाच्या जिवावर उभी आहे, हे कोणालाच धड ठाऊक नसतं, आणि एक बंद करायला जावं तर भलतीच तिसरी आडवी पडते. तसं होऊ नये म्हणून हे सगळं चौकोनांनी आणि बाणांनी काढून ठेवायचं. माझ्या सासऱ्यांनी हे सगळं एकदा शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे तुमी चित्रं काढता. अन त्याचा पगार भेटते?”

चौकोनाला ते डबा म्हणतात. डब्यांचे त्यांचे नियम आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही लाजवतील असे कडक आहेत. जे ज्याचा भाग आहे ते त्याच्या डब्याच्या आत. जे बाहेरचं आहे पण देणंघेणं ठेवून आहे, त्याला बाण. आणि बाणावर लिहिलंच पाहिजे. मी एकदा हौसेनं त्यांना दोन डबे जोडून दाखवले तर त्यांनी माझा कागद उलटा ठेवला. पुण्यात राहून त्यांची भाषा गुळगुळीत झाली असली तरी तत्त्वाचा प्रश्न आला की ती थेट वऱ्हाडात उतरते. “नुसता बाण काढाचा नाही मास्तर! काय जाते त्याच्यातून? निरोप जाते, माल जाते, का नुसती चुगली जाते?” शिवाय कशात काय आहे हे दाखवायला बाणाच्या टोकाला काढायच्या त्यांच्या दोन चौकटच्या खुणा, म्हणजे शंकरपाळ्या, असतात. भरीव शंकरपाळी काढली तर मूळ वस्तू गेली की भागही गेला. पोकळ काढली तर मूळ गेलं तरी भाग आपला सुखरूप. चहाच्या टपरीवर त्यांनी मला हे समजावलं. चहा सांडला तर साखर गेली, म्हणून साखर भरीव. बशी पोकळ, ती राहते. आणि माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी माझाच चहा सांडून दाखवला.

एका दिवाळीत त्यांनी स्वतःच्या घराचा असा कागद तयार केला आणि फराळाच्या ताटांमध्ये पसरला. सगळे बघत होते. ताई, म्हणजे माझी मेहुणी, चष्मा लावून वाकल्या. मधोमध एक मोठा डबा होता, त्यावर ‘सेवा’ असं लिहिलेलं होतं आणि घरातला प्रत्येक बाण तिथे येऊन टेकत होता. “ही सेवा कोन?” ताईंनी विचारलं. साडू अभिमानानं म्हणाले, “तू. आमच्या कामात सेवेची जागा फार वरची असते.” “मी सेवा. आन मंग तुमी?” साडूंचा आवाज जरा खाली आला. “मी वापरकर्ता.” पुढचे काही दिवस वापरकर्त्यानं आपला चहा आपण करून घेतला. त्यानंतर निघालेल्या सुधारित आवृत्तीत ताई म्हणजे घराचा सगळ्यात बाहेरचा डबा झाल्या, आणि साडू आत एका कोपऱ्यात, गॅसच्या टाकीशेजारी. “हे बराबर हाय,” म्हणून ताईंनी तो कागद फ्रीजवर चिकटवला.

हसणाऱ्यांत मीही होतो, पण मोताळ्याला माझ्या पुतणीच्या लग्नात मी जरा गप्प झालो. वरात अजून बसस्टँडजवळच नाचत होती आणि लग्नाच्या बुद्धवंदनेला अवकाश होता, तेवढ्यात एक पंगत उरकून घ्यावी असं ठरलं. पण स्वयंपाकाच्या मांडवात सगळे हातावर हात ठेवून बसलेले. आचारी म्हणे तेल नाही, वाढपी म्हणे पत्रावळी नाहीत, पाणीवाला म्हणे ग्लास नाहीत, आणि जो तो दुसऱ्यावर खेकसत होता. साडूंनी आहेर लिहिणाऱ्याच्या हातातला पेन काढून घेतला, पत्रिकेच्या पाठीवर डबे काढले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “तुमी कोनाची वाट पाहून राह्यले?” सगळे बाण एकाच डब्यावर आले. तो डबा म्हणजे नवरीचे मामा. कोठीची किल्ली मामांच्या खिशात होती आणि मामा व्याह्यांच्या आग्रहानं वरातीत नाचत होते. साडू भर वरातीत घुसले, आणि बँडच्या आवाजात बोलणं शक्य नसल्यामुळे त्यांनी सरळ मामांच्या खिशात हात घातला. पाकीटमार म्हणून त्यांना चौघांनी धरलं. पंगत मात्र बसली. ते मामा आजही कुठे भेटले तर साडूंना एका हातानं जयभीम करतात, दुसरा हात खिशावर असतो.

नोकरी संपवून साडू मेहकरला राहायला आले तेव्हा आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी नुकती उभी राहत होती. मीही तिचा सभासद आहे, थोडं सोयाबीन माझंही असतं. माल आला की वजन, ओलावा, प्रत, गोदाम, बिल, बँक, मग शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज, एवढी साखळी. कॉम्प्युटर होते, पण एक दुसऱ्याला ओळखत नव्हता. “जरा नजर टाका,” एवढंच त्यांना सांगितलं होतं. साडूंनी भिंत भरून नकाशा काढला आणि पहिल्याच हंगामात सगळी घडी बसवली. घोटाळा एवढाच झाला की नकाशा वाचण्यापेक्षा साडूंना विचारणं सोपं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. वजनकाट्यावरचा माणूस त्यांना विचारी, बँकेचा त्यांना विचारी, गोदामाचं कुलूप अडकलं तरी फोन त्यांनाच. जेवताना, दाढी करताना, आंघोळीला गेले तर ताईंच्या हातात देऊन, फोन सतत वाजत असायचा.

आणि नेमकं याच वेळी पुण्याहून लेकीचा निरोप आला. ती पोटुशी होती, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, म्हणजे बाळंतपणाला माहेर तिच्याकडे जाणार. दिवस भरत होते ऐन सोयाबीनच्या हंगामात. ही लेक जन्मली तेव्हा साडूंच्या कंपनीकडे असलेल्या एका बँकेची कसलीशी यंत्रणा बंद पडली होती आणि मुलगी झाल्याचं त्यांना ऑफिसच्या फोनवर कळलं. तिचं बारसं, तिची शाळेतली नाटकं, सगळं त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. साखरपुड्याच्या फोटोंत ते एका कोपऱ्यात कानाला फोन लावून उभे आहेत. आता लेक एवढंच म्हणाली, “बाबा, या वेळी या. आणि आलात तर फोन कपाटात.” साडू हो म्हणाले. ताई माझ्या बायकोजवळ म्हणाल्या, “हाव म्हनाले खरं. पन मले भरवसा नाही. मी माही बॅग भरून ठेवतो, त्याईची नंतर पाहू.”

हे साडूंच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. मी त्यांना पुष्कळ वेळा उत्साहात पाहिलंय, पण असं दात घट्ट आवळून कामाला लागलेलं कधी नाही. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात प्रथमच स्वतःचा डबा काढला, लाल खडूनं, आणि जे जे त्यांना विचारलं जातं त्याचा प्रत्येक बाण त्यात आणून सोडला. तो डबा काटे फुलवलेल्या साळिंदरासारखा दिसायला लागला. मग एकेक बाण उपटून त्याच्या खऱ्या जागी लावायचं काम सुरू झालं. कुलपाचा प्रश्न गोदामात, मेसेजचा प्रश्न मॅनेजर बाईंकडे, बँकेचा बँकेत. कोणी विचारायला आलं की ते उत्तर द्यायचे नाहीत, हात धरून भिंतीपाशी न्यायचे आणि “वाचा” म्हणायचे. लोक वैतागले. कंपनीचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तुमच्या साडभाऊले काही झालं काय? साधं सांगत नाहीत, भिंत दाखवून राह्यले.”

एका सोमवारी त्यांनी परीक्षा ठेवली. आपण गावाला गेलो असं सांगून ते दिवसभर माझ्या घरी येऊन बसले, फोन बंद, आणि सोबतीला मी रजेवर. दुपारपर्यंत सगळं शांत होतं. मग फाटकाशी गलका झाला. पाहतो तर सात-आठ शेतकरी, मागे मॅनेजर बाई स्कूटीवर, आणि सगळ्यांत पुढे डोक्याला पदर बांधलेल्या एक आजीबाई. मेहकरात माणूस गावाला गेला असं सांगून गावातच राहू शकत नाही, हे अर्धं आयुष्य पुण्यात काढलेला माणूस विसरला होता. आजीबाईंचा माल मोजून तयार होता, पण ओलाव्याचा आकडा त्या मानायला तयार नव्हत्या. आकडा जास्त निघाला तर भाव उतरतो. “मशीननं काढला आहे आजी, मशीन कशाला खोटं बोलेल?” साडू म्हणाले. आजीबाई ठसक्यात म्हणाल्या, “मले काय मालूम? ते मशीन तुमच्याकडं तोंड करून बसते, आमच्याकडं त्याची पाठ हाय. रोज तुमी पाहून सांगता, बराबर हाय माय, म्हून आमी मानतो. आज तुमी नाही, त मी कोनाचं आयकू?”

साडू चप्पल घालून तसेच त्यांच्याबरोबर निघाले, मीही मागोमाग गेलो. ओलावा मोजायचं ते छोटं मशीन टेबलावर कारकुनाच्या दिशेला तोंड करून ठेवलेलं होतं. नकाशात त्यातून निघालेला बाण थेट बिलाच्या कॉम्प्युटरला जात होता, त्यावर ‘ओलावा’ असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ज्याचा माल होता त्याच्याकडे एकही बाण नव्हता. तो बाण इतके दिवस साडूंच्या मानेतून जात होता, ते मान हलवायचे म्हणून. त्यांनी मशीन उचललं, फिरवून शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलं, आणि आजीबाईंना म्हणाले, “आता तुमीच दाने टाका, तुमीच आकडा वाचा, आन तुमीच याईले सांगा.” आजीबाईंनी दाणे टाकले, आकडा वाचला, पुन्हा टाकले, पुन्हा वाचला. “मंग ठीक हाय,” म्हणाल्या आणि पावती घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी भिंतीवरच्या लाल डब्यात एकही बाण राहिला नाही.

पुढच्या सोमवारी पुन्हा परीक्षा. या वेळी लपणं नाही. फोन चालू, आणि तो माझ्या ओसरीवर स्टुलावर ठेवून साडू समोर बसले. सकाळी एकदा वाजला, त्यांनी झडप घातली, तर कोणीतरी कर्ज देऊ करत होतं. दुपारी वाजला तो ताईंचा, जेवायला येता का म्हणून. नंतर काही नाही. बाजारात ट्रॅक्टरांची रांग होती हे मला शाळेतून येताना दिसलं होतं, म्हणजे माल भरपूर होता, काम चालू होतं, आणि या गृहस्थाची कोणाला आठवणही होत नव्हती. ऊन कलल्यावर ते म्हणाले, “जमलं, मास्तर.” मी त्यांच्या आवडीची जिलबी आणून ठेवली होती. तिला त्यांनी हात लावला नाही. “मी एवढी खटपट यासाठीच केली,” ते म्हणाले, “पण एखादा तरी फोन येईल असं वाटलं होतं.” मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

दोघं वेळेवर पुण्याला गेले. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून त्यांनी माझा हात धरला, “काही अडलं तर सांगा. कुठं असलो तरी येतो.” नात झाली तेव्हा ते दवाखान्यात, लेकीच्या उशाशी होते. फोन खरोखरच कपाटात होता, हे ताईंनी माझ्या बायकोला तीन-तीनदा सांगितलं. मग लेकीची नोकरी सुरू झाली, बाळाजवळ कोणीतरी हवं म्हणून मुक्काम वाढला, आणि तो वाढतोच आहे. लेकीनं त्यांना मिळवलं याचा मला आनंद आहे, आणि मला त्यांच्यावाचून करमत नाही हेही तितकंच खरं आहे.

माझं सोयाबीन घेऊन मी जातो. दाणे टाकतो, आकडा वाचतो, पावती घेतो, घरी येईपर्यंत मोबाइलवर मेसेज येतो. पूर्वी याला अर्धा दिवस लागायचा, त्यात तीन चहा आणि एक भांडण असायचं. मॅनेजर बाईंना मी जाताना दर वेळी विचारतो, काही अडलंय का. “नाही सर, समदं बराबर चालू हाय,” असं त्या म्हणतात. परवा मात्र त्यांनीच हळूच विचारलं, “काका कधी येतीन हो?”

“काही अडलं तर येतील,” मी म्हणालो.

आम्ही दोघंही त्या मशीनकडे बघत उभे राहिलो. मशीन अगदी व्यवस्थित चालू होतं.