टाकीला लावलेला साबण

माझी जीभ तिखट आहे, हे धुळ्यात सगळ्यांना माहीत आहे. यजमानांना अर्धांगवायू झाला आणि आमचा एकुलता एक ट्रेलर माझ्या गळ्यात पडला. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बाईने गोड बोलून भागत नाही, असं मी म्हणायचे. खरं तर स्वभावच तसा. धंद्याचं आपलं निमित्त.

ट्रेलरवर नाना होते. अमळनेरकडचे, अठरा वर्षं आमच्याच गाडीवर. वयाने मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. कापसाच्या गाठी भरून गुजरातेत जायचे, येताना मिळेल तो माल आणायचे. त्या वर्षी डिझेल कमी पडायला लागलं. नाना म्हणाले, “अक्का, टाकी गयी राह्यनी शे.” गळतेय म्हणे! गाडी परत आली की मी अंगणात खाली वाकून बघायचे. जमीन कोरडी ठणठणीत. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तेच. मनात संशय शिरला तो शिरलाच.

त्यात नाना दर फेरीला धुण्याच्या साबणाची वडी घेऊन निघायचे. मी चेष्टा करायचे, “काय नाना, रस्त्यात लाँड्री उघडलीय की काय?” ते नुसते हसायचे.

शेवटी टाकी बदलायचं मी ठरवलं. गळते म्हणून नव्हे. नळी घालून डिझेल काढता येणार नाही अशी टाकी मला हवी होती. नानांना हे सांगितलं नाही. त्यांना वाटलं, अक्काने ऐकलं एकदाचं. हायवेवरच्या टाक्यांच्या दुकानात ते माझ्या आधी जाऊन उभे. हातात सुतळी. जुन्या टाकीची लांबी, तिला जखडणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर, सगळं गाठी मारून मोजून आणलेलं.

दुकानदाराने अल्युमिनियमची चकचकीत टाकी काढली. नानांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि मान हलवली. आपल्या रस्त्यांना जाड पत्र्याची लोखंडीच बरी, आत आडवे पडदे असलेली, म्हणजे डिझेल हिंदकळत नाही, असं ते सांगत होते. मी कुठे ऐकतेय! मी विचारलं, “तोंडाला जाळी आहे का? कुलूप?”

“चोरी होते का ताई?” दुकानदार म्हणाला.

“होते म्हणून तर आले. घरचाच माणूस हात मारतो, मग काय करणार?”

दुकानात पाच-सहा माणसं होती. फिटर, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर. सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी सुतळी गुंडाळली आणि खिशात ठेवली. मी ती चकचकीत, कुलपाची टाकी घेतली.

मग फिटरने दुकानासमोरच आमच्या गाडीची जुनी टाकी उतरवली. पट्टीखालचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं आणि पट्टी घासून टाकीला चीर पडली होती, वरच्या अंगाला. टाकी भरलेली असली की चालत्या गाडीत गळायचं. घरी येईपर्यंत डिझेल चिरेच्या खाली गेलेलं असायचं, म्हणून माझं अंगण कोरडं. त्या चिरेत पिवळा साबण दाबून बसवलेला होता, थरावर थर. फिटर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत म्हणाला, “बाप रे, कोणीतरी बरेच महिने जीव लावून बुजवलंय हे.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. तीच माणसं होती, नाना समोर होते. मी काय म्हटलं? “नव्या टाकीला रबर नीट बसव रे.” चोर म्हणताना सुरीसारखी चाललेली जीभ चुकलं म्हणायच्या वेळी टाळूला चिकटली. आग लागो त्या जिभेला!

दुसऱ्या दिवशी मी कुलपाची चावी नानांपुढे धरली. ते म्हणाले, “तुमच्याकडेच राहू द्या अक्का. उद्या परत कमी पडलं तर?” तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी मला पंपावर जावं लागायचं. मी कुलूप उघडेपर्यंत आणि परत लावेपर्यंत नाना लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे. तीन महिने असं चाललं. मग एक दिवस ते गुडघे दुखतात म्हणाले आणि गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली.

मी म्हटलं, “नाना, चुकलं माझं. फार चुकलं.” अंगणात आम्ही दोघंच होतो.

ते चपला घालत म्हणाले, “बठ्ठ्यांसमोर बोलल्या अक्का. आते एकट्याले सांगून काय?”

किती दिवस ते ‘सगळ्यांसमोर’ डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या महिन्यात त्याच दुकानात गेले. गर्दी होती, ते बरंच वाटलं. मोठ्याने म्हटलं, “त्या दिवशी मी माझ्या ड्रायव्हरला इथे चोर म्हटलं. तो माणूस चोर नव्हता. टाकी गळत होती.”

दुकानदाराने मान वर केली.

“कोणता ड्रायव्हर, ताई?” त्याने विचारलं. “इथे तर रोज कितीतरी येतात.”