लाभ, दोन

शेलूबाजारचा गाडीवान दारात उभा राहिला तेव्हा मी रिसोडच्या घरी अंगणात वाळवण घालत होते. "वयनी, आत्याबाई गेल्या. परवा दुपारी," तो म्हणाला आणि एक लहानशी पुरचुंडी पुढे केली. "हे तुमालेच द्याले सांगतलं होतं त्याईनं." आत काय आहे ते हाताला लगेच कळलं. महिना झाला, मी ती सोडली नव्हती...

आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांची सख्खी आत्या. बाळंतपणं करायला बैलगाडीनं गावोगाव हिंडल्या. तोंडानं भारी फटकळ. कण्हणाऱ्या बाईला "गाव गोळा करतं का वं?" म्हणून दटावायच्या आणि मग तिचेच पाय चेपत बसायच्या. त्यांचा एक खेळ होता. चार-पाच महिन्यांच्या लेकरासमोर सुपारी ठेवायची, पदरानं झाकायची, त्याच्या देखत दुसरी पदराआड सरकवायची. पदर काढल्यावर दोन दिसल्या तर लेकरू मूठ चोखत भलतीकडे बघे. पण आत्याबाईंनी एक गुपचूप तळव्यात लपवली, की ते उरलेल्या एकीकडे टक लावून बघत राही. "समजते याईले, बोलता येत नाई येवढंच," त्या म्हणत. हे दोन-तीनपर्यंत, पुढे लेकराला सगळा ढीगच. आम्ही बाया हसून हसून बेजार व्हायचो.

माझा नारायण पाच महिन्यांचा असताना त्यांनी एक सुपारी ठेवली, झाकली, पदर काढला. एकच होती, आणि एकच असायला हवी होती. दुसरी कोणी सरकवलीच नव्हती. तरी नारायण बघत राहिला. नजर सुपारीच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुपारीऐवजी वाटी ठेवली, तरी तेच. शेजारी दुसरी वाटी ठेवली तेव्हा कुठे खुदकन हसला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. "काहून हो असं, आत्याबाई?" मी विचारलं. "भूक लागली त्याले. घे," एवढंच बोलून त्यांनी सुपाऱ्या कनवटीला लावल्या. माझ्या घरी तो खेळ त्यांनी पुन्हा केला नाही.

आमच्याकडे ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन... आत्याबाईंना लेकरू हातात आलं तरी "लाभ" म्हणायची सवय. नारायण झाला तेव्हा मी तापानं अर्धवट शुद्धीत होते. "लाभ" ऐकलं, त्याचं रडणं ऐकलं. आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "दोन." मग काहीच नाही... सासूबाई म्हणाल्या, तापात भास झाला असेल. दहा वर्षं मी तो भासच धरून चालले. खरं सांगायचं तर भीतीनं.

यंदा उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेले. साखर कंट्रोलवर गेलेली, रेशनाशिवाय मिळत नव्हती, म्हणून गूळ नेला होता. त्या खाटेला खिळल्या होत्या, डोळेही गेलेले. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. धीर करून विचारलं, "तवा तुमी दोन म्हनलं होतं ना?" "पोरगी होती. रडलीच नाई," त्या म्हणाल्या. "तुह्या सासूनं शपथ घातली मले... परसातल्या निंबाखाली ठेवली. मीच." मला इतका राग आला की पाणीही न पिता उठले. गाडीत बसल्यावर आठवलं, त्याच निंबाला मी वर्षभर नारायणची झोळी बांधत होते. दुसरीकडे तो झोपतच नसे.

ते आमचं शेवटचं बोलणं. राग अजून गेलेला नाही, आणि आत्याबाईंची आठवण आल्यावाचून एक दिवस जात नाही. काल पुरचुंडी सोडली. हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या दोन सुपाऱ्या. एक निंबाच्या बुडाशी पुरली, एक देवळीत ठेवली. कळत्या वयात नारायणनं त्या कधी पाहिलेल्या नाहीत, त्याला कोणी काही सांगितलेलंही नाही. शाळेतून आला, पाणी प्याला, देवळीपाशी थबकला. बराच वेळ बघत राहिला, सुपारीच्या शेजारी.

"माय, दुसरी कुठी आहे?"

"निंबाखाली," मी म्हणाले, आणि त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं.