शेऱ्याचा रकाना

पुलापासून कालव्याच्या कडेकडेने दोघं भावंडं निम्म्या वाटेवर आली होती, तेव्हा समोरून भांडारातल्या बाई आल्या. अक्काने त्यांना लांबूनच ओळखलं. इस्पितळाच्या औषधभांडारात एकोणीस वर्षं काम केलेल्या, आणि गेल्या आठवड्यापासून 'चौकशी संपेपर्यंत येऊ नका' असं सांगून घरी बसवलेल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्या थांबल्या, भाऊच्या तोंडाकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलायला ओठ हलले. भाऊ मात्र दिव्याचा खांब ओलांडून जावं तसा सरळ पुढे निघून गेला. बाईंनी एकवार अक्काकडे बघितलं आणि त्याही चालू लागल्या.

अक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालताना मनातल्या मनात नाम घ्यायची तिची सवय, ते तिथेच तुटलं.

"इतका माज आला का रे तुला?"

"कशाचा माज?"

"आत्ता तुझ्या अंगावरून गेल्या त्या दिसल्या नाहीत?"

भाऊ वळला. बाई अजून वीस पावलांवरच होत्या. तो डोळे बारीक करून त्या दिशेला बघत राहिला आणि मग त्याने अगदी हळू विचारलं, "कोण होतं गं?"

त्यात सोंग नव्हतं. त्याची सगळी सोंगं अक्काला तो पाळण्यात असल्यापासून पाठ होती. तिने सांगितलं, तसा तो कालव्याच्या कठड्याला टेकला. "बस सोडून आज चालत जाऊ" असा आग्रह त्याने का धरला, हे तिला तेव्हा कळायला लागलं. त्याला एकट्यात काही सांगायचं होतं; ती आपली समजत होती, साखरेसाठी चालतोय.

साखर त्याला बारा वर्षं होती. ती डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचलीय हे डॉक्टरांनी त्याला दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं. कडेचं दिसायचं, नेमकं जिथे बघावं तिथे धुरकट डाग. रस्ता दिसे, माणूस दिसे, पण चेहरा नाही. घरी बायकोला याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता, तेवढी कशीबशी निभावून न्यायची, असा त्याचा हिशेब.

हा भाऊ लहानपणापासून असाच. वहीला समास आखल्याशिवाय त्याचा अभ्यास सुरू व्हायचा नाही. जेवणाच्या ताटातसुद्धा भाजी आमटीला लागलेली त्याला खपत नसे. इस्पितळात कागदपत्रं लावायला म्हणून लागला आणि संगणक आले तेव्हा, बाकीचे चित्रांवर बोट ठेवून कामं करत असताना, हा काळ्या पडद्यापुढे जाऊन बसला. त्या पडद्यावर चित्र नाही, बटण नाही. आज्ञा टाइप करायची, की यंत्र पांढऱ्या अक्षरांत उत्तर ओकतं. नुसतं विचारलं तर हजारभर ओळी अंगावर येतात. कुठले रकाने दाखवायचे, कुठला आधी, आकडे कुठल्या कडेला, काय लाल करायचं, हे त्याला नीट सांगावं लागतं. भाऊने ते वर्षानुवर्षं बसून शिकून घेतलं. त्याच्या याद्या वॉर्डावॉर्डातल्या भिंतींवर लागायच्या. इस्पितळात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. एक डॉक्टर तर म्हणायचे, याला ताप आला तरी तो दशांशापुढे दोन घरं नीट मोजून येईल. तो हसायचा, त्याला ते आवडायचं.

त्याच्या रोजच्या कामांत एक होतं फ्रिजांचं. इस्पितळातले लसी-औषधांचे बत्तीस फ्रिज आपापलं तापमान यंत्राला कळवायचे. सकाळी सातला भाऊ आज्ञा द्यायचा, यादी यायची, आणि तो फोनवरून ती भांडारातल्या बाईंना वाचून दाखवायचा. फ्रिज कुठला, ठेवलाय कुठे, तापमान किती, आणि सगळ्यांत शेवटी शेरा.

"हजेरीपटात असतो तसा," तो अक्काला म्हणाला. तिची सारी हयात शाळेत मुलांना शिकवण्यात गेली होती, त्यामुळे हे तिला लगेच कळलं. हजर, गैरहजर सगळं भरून झाल्यावर अगदी उजव्या कडेला शेरा. बहुतेक वेळा कोरा. पण मूल गोवराने पडलंय हे तिथेच लिहिलेलं असतं.

डोळे अधू झाल्यावर भाऊने पडद्यावरची अक्षरं मोठी केली. मग आणखी मोठी. पान तेवढंच आणि अक्षर मोठं म्हटल्यावर सगळे रकाने मावणार कसे? यंत्र मावतील तेवढे दाखवायचं आणि उजवीकडचा सोडून द्यायचं. मात्र गुपचूप नाही. यादीवर एक पिवळी ओळ यायची: शेवटचा रकाना बसत नाही, काढून टाकला आहे.

"मग?" अक्काने विचारलं.

ती पिवळी ओळ रोज यायची. येणारा-जाणारा विचारायचा, फूटपट्टी, हे पिवळं काय? एकाला काहीतरी सांगून वाटेला लावलं, दुसऱ्याला लावलं. पण कधीतरी कोणीतरी विचारणार होतं, की अक्षरं एवढी मोठी कशाला? आणि अशा ओळी दाखवू नकोस, असं यंत्राला सांगता येतं. एका आज्ञेचं काम. त्याने सांगितलं. यादी पुन्हा देखणी झाली.

तीन महिन्यांपूर्वी अकरा नंबरच्या फ्रिजचं माप अडकलं. आतली लस तापत होती आणि यादीत तापमान रोज चार, एकदम चोख. शेऱ्यात यंत्राने लिहिलं होतं, माप तीन दिवस बदललेलं नाही, प्रत्यक्ष बघा. भाऊच्या पडद्यावर शेराच नव्हता. त्याने फोनवर सांगितलं, अकरा ठीक. लस वापरली गेली. उघडकीला आल्यावर त्रेचाळीस बाळांना परत बोलावून टोचावं लागलं. बाळांना अपाय झाला नाही, ही देवाची कृपा. पण तो दिवसभर आपल्या खोलीत बसून त्यांचं रडणं ऐकत होता.

चौकशी समितीने यंत्रातली नोंद काढली. तिथे शेरा होता. म्हणजे फूटपट्टीने तो वाचला असणारच. त्याच्या हातून अक्षर सुटायचं नाही. मग ऐकून दुर्लक्ष केलं ते बाईंनीच. बाई म्हणत होत्या, मला ठीक सांगितलं. त्यांचं कोण ऐकतंय? भाऊला एवढंच विचारलं, त्या दिवशी यादी नेहमीप्रमाणे वाचलीत का? तो म्हणाला, नेहमीप्रमाणे वाचली.

"मी खोटं नाही बोललो, अक्का."

अक्का कालव्याकडे वळली. पाण्यातून एक प्लास्टिकची बाटली वाहत चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"त्या बाईंची नोकरी जाईल?"

"उद्या अकराला समिती बसतेय. जाईल."

"त्यांच्या घरी कोण मिळवतं?"

"त्याच."

ती पदराने चष्मा पुसत बसली. मनात आलं, आपणही याच्या पहिल्या नंबरांचं कौतुक करून करून याला चूक कबूल करायला शिकवलंच नाही. देवापुढे रोज हात जोडतो आपण, आणि मागतो काय, तर भाऊचं सगळं नीट असू दे. ते नीटच दिसत होतं की.

भाऊ आपलं पुढचं बोलत होता. सांगितलं तर काळ्या पडद्यापुढून उठवतील. मग दोन वर्षं कुठेतरी कोपऱ्यात बसवतील, नाहीतर तेही नाही. पण तो भोगाचा भाग झाला. आत्ता बाई समोर उभ्या राहिल्या आणि आपल्याला त्यांचं तोंडसुद्धा दिसलं नाही, हे त्याला गिळता येत नव्हतं. त्यांना वाटलं असेल, तोंड चुकवून गेला.

"तसंच वाटलं," अक्का म्हणाली. "मलाही."

त्याने खांद्यावरच्या पिशवीतून कोऱ्या कागदांचं पॅड काढलं. सकाळपासून बरोबर वागवत असावा. कोपरे दुमडले होते. वरच्या कागदावर त्याने स्वतःच लिहायला घेतलं होतं. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या आणि तिसरी तिरकी होऊन कागदाच्या खाली उतरली होती. फूटपट्टीचं अक्षर. अक्काने तो कागद फाडला नाही. घडी घालून आपल्या पाकिटात ठेवला आणि पेन काढलं. तिथेच कठड्यावर बसून ती मांडीवर पॅड सरळ करू लागली.

"मी सांगतो, तू लिही," भाऊ म्हणाला. "डोळ्यांचं लिही, पिवळ्या ओळीचं लिही, ती मी हाताने बंद केली तेही. उद्या माझ्याबरोबर चल आणि समितीपुढे बाईंच्या समोर तूच वाच. फक्त लिहून झाल्यावर आज मला वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर मी एखादी ओळ काढायला सांगेन."