पांढरी का येत नाही

धारवाडच्या मळमड्डीत दत्तात्रेय मास्तरांसमोर कोणी चुकून 'ते भाकरी' म्हणालं, तर त्याची सुटका नसे. भाजीवाला असो की रिक्षावाला, मास्तर त्याला तिथल्या तिथे थांबवून 'ती भाकरी' म्हणायला लावत. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण मराठीचा तास काही सुटला नव्हता.

त्यांची मुलगी दीपश्री इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून टी-शर्टवर छपाई करणारी मशीनं दुरुस्त करत हुबळी-धारवाड जोडशहरभर हिंडायची. डीटीएफ म्हणतात त्या छपाईला. आधी प्लास्टिकच्या फिल्मवर चित्र छापायचं, त्यावर पावडर भुरभुरायची, ते ओव्हनमधून भाजून काढायचं आणि गरम प्रेसखाली कपड्यावर उतरवायचं. तिनं हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मास्तर सगळं नीट ऐकून म्हणाले, "म्हणजे पापडच की." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बँकेच्या परीक्षेच्या क्लासमध्ये तिचं नाव घातलं.

घरात यावरून बरेच दिवस धुसफूस चालली होती. शेवटी तोडगा निघाला तो मास्तरांच्या हास्यमंडळामुळे. मंडळ बेळगावच्या मेळाव्याला निघालं होतं, आणि सगळ्यांना गर्द निळे टी-शर्ट हवे होते. पाठीवरचा मजकूर मास्तरांनी स्वतः रचला: 'हसणे सक्तीचे, दात ऐच्छिक.' दीपश्रीनं काम हुबळीत कमरीपेठेतल्या संजीवअण्णा पतंगेंना मिळवून दिलं. त्यांचं मशीन आपण सांभाळतो, शर्ट वेळेवर मिळणार, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. मास्तरांनी लगेच अट घातली. शर्ट घालून बेळगावला निघालो तर क्लासचं नाव काढणार नाही. नाही मिळाला, तर सोमवारपासून तू बँकेची.

दीपश्रीनं टाळी दिली. शनिवारी सकाळी, म्हणजे निघायच्याच दिवशी, संजीवअण्णांचं मशीन चालवणाऱ्या हेमावतीअक्कांचा फोन आला.

"दीपश्री, पांढरी येईना झालंय बघ. नळीत गाळी झालीय."

पांढरी शाई नाही तर काहीच नाही. निळ्या कापडावर बाकीचे रंग पाण्यात पडल्यासारखे विरून जातात. खाली पांढऱ्याचा थर लागतोच. आणि पांढरी शाई जात्याच जड, हलवली नाही तर नाचणीच्या आंबिलीसारखी तळाशी बसते. हेमावतीअक्का घरी कानडी बोलणाऱ्या, त्यांचं मराठीतलं लिंग अधूनमधून घसरायचं. मास्तरांच्या मुलीनं मनातल्या मनात त्यांचं वाक्य दुरुस्त करून घेतलं. 'गाळी झालीय' नव्हे, 'गाळ झालाय'. निदान हाती घेऊन ती स्कूटरवर गाणं गुणगुणत हुबळीला निघाली.

दुकानात संजीवअण्णा येरझाऱ्या घालत होते. बँकेत गेलीस तर पंख्याखाली बसशील, इथं आमच्यासंगं कशाला भाजून घेतेस, असं त्यांनी चहा देता देता विचारलंच. दीपश्रीनं बाह्या सरसावल्या. बाटली घुसळली. शाई गाळून ती फवारणाऱ्या हेडकडे सोडणारी चपटी डबी असते, तिला डॅम्पर म्हणतात, ती बदलली. औषध सोडून हेड धुतलं. चाचणीचा कागद काढला तर सगळ्या रेघा जिथल्या तिथे.

मग फिल्म लावली. 'हसणे सक्तीचे' ठसठशीत आलं आणि 'दात'पाशी पांढरी गेली. ऐन दातांच्या जागी खिंडार.

पुन्हा धुतलं, पुन्हा छापलं. या खेपेला दात उमटले, पण 'हसणे'तला 'ह' उडाला.

"दात आले, हसू गेलं," अक्का म्हणाल्या. संजीवअण्णांना टेन्शनमध्येच हसू फुटलं, आणि तिघंही मशीनला टेकून पोट धरून हसली. तेवढ्यात मास्तरांचा फोन येऊन गेला. शर्ट घ्यायला बस आधी हुबळीच्या वाटेला लागली होती.

दीपश्रीनं डॅम्पर परत उघडला, परत बसवला. आता तर आधीपेक्षा जास्त अक्षरं गळाली. आपण जितकं साफ करतोय तितकं बिघडतंय, एवढं तिला दिसत होतं. का, ते उमगत नव्हतं. शेजारच्या पंक्चरच्या दुकानापुढे एक रिक्षा थांबली आणि ड्रायव्हर ओरडला, "अण्णा, स्वल्प गाळी हाक्री."

म्हणजे, अण्णा, थोडी हवा भरा.

दीपश्रीचा पाना हातातच राहिला.

"अक्का, सकाळी फोनवर काय म्हणाला तुम्ही? नळीत काय झालीय?"

"गाळी. हवा. बुडबुडे पळालेत बघ की आत."

"मला वाटलं गाळ."

"गाळ असता तर 'झालाय' म्हणाले असते की," अक्का म्हणाल्या. "मजकूर द्यायला आले तेव्हा तुझ्या अप्पांनीच घोटून घेतलंय माझ्याकडनं."

दीपश्री मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सगळं समोरच होतं. गाळ अडकला असता तर रेघ दर वेळी एकाच जागी तुटली असती. इथं खिंडार फिरत होतं, बुडबुडा फिरतो तसं. तिनं टॉर्च लावून नळी बोटाबोटानं तपासली. डॅम्परच्या नटाखालची मोहरीएवढी जाड रबरी रिंग तडकली होती. तिथून हवा आत ओढली जायची, आणि हिनं जितक्यांदा नट उघडला तितक्यांदा आणखी हवा आत सोडली.

पिशवीतली नवी रिंग बसली. सिरिंज लावून तिनं शाई हळूहळू खाली ओढली. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. मग फिल्मवर 'ह'पासून 'क'पर्यंत सगळं दुधासारखं पांढरं उमटलं, आणि संजीवअण्णांनी शिट्टी मारली ती थेट पंक्चरवाल्यानं वळून पाहावं अशी.

बस गल्लीत शिरेना, म्हणून हास्यमंडळच चालत आत आलं. शर्ट प्रेसमधून निघेल तसा जो तो अंगातल्या सदऱ्यावर चढवत होता. पाठीला ऊब लागली की एकेक आजोबा गुदगुल्या झाल्यासारखा खिदळायचा, त्याला बघून पुढचा. बेळगावसाठी राखून ठेवलेलं हसू कमरीपेठेतच सांडायला लागलं.

मास्तरांनी आपला शर्ट उजेडात धरून वेलांटी तपासली, अंगात घातला आणि मोबाइल काढून क्लासला फोन लावला.

"मुलगी येणार नाही. नाही, नाही, आजारी नाही. नोकरीला लागली." पलीकडून कुठल्या खात्यात असं विचारलं असावं. मास्तरांनी मशीनकडे पाहिलं, कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या मुलीकडे पाहिलं.

"शाई खात्यात," ते म्हणाले, आणि बस सुटेल म्हणून धोतर सावरत पळाले.