माझा नारळ, दिनूचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. गावचे असता तर मी हे वाक्य पुरं करायच्या आत बातमी दिनूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोहोचली असती.

आधी चांगलं सांगतो. मला न्यूझीलंडचा कायम रहिवासाचा व्हिसा मिळाला. कुशल कामगार म्हणून! लांज्याच्या आतल्या एका वाडीतला मी, आयटीआय पास, ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांत हात काळे करणारा — आणि आता त्या देशात मला कुणी ‘परत कधी जाणार’ असं विचारू शकत नाही. सोपं नव्हतं हो ते. इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या वेळी सपशेल आपटलो. पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे, जुन्या कामाचे पुरावे — एक दिलं की दुसरं मागायचे. मंजुरी आली तेव्हा मी तिकडच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात एका बोटीच्या पोटात, गिअरबॉक्सखाली आडवा होतो. फोनवर वाचलं आणि तसाच ग्रीसच्या हातांनी वर येऊन बोंबललो. मालक धावत आला, त्याला वाटलं माझं बोट चिरडलं. खोटं कशाला बोलू — इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

‘खोटं कशाला बोलू.’ बघा, किती सहज लिहून गेलो.

दिनूबद्दल सांगायला हवं. दिनू माझा मित्र, शेजारच्या वाडीतला. आयटीआयला एका बाकावर बसलो, रत्नागिरीच्या बंदरावर एकाच गॅरेजमध्ये लागलो. बोलण्यात मी पुढे, हात मात्र त्याचा चांगला. मी इंजिन खोलून बिघाड शोधायचो, तो नुसता कान देऊन. मला त्याचा राग यायचा का? यायचा. कौतुकही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तर काही वर्षांपूर्वी तो यार्डवाला मालक स्वतः मुंबईला माणूस बघायला आला होता. आम्ही दोघेही गेलो. त्याने आमच्यासमोर एक बंद पडलेलं इंजिन ठेवलं. जागा एकच होती. ती त्याने दिनूला दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, हा आला नाही तर तू. सोमवारपर्यंत दिनूने होकार कळवायचा होता. परतीच्या गाडीत दिनू खिडकीतून बाहेर बघत होता आणि मी त्याच्याकडे. अभिनंदन केलं मी त्याचं. केलं, खरंच केलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विहीर खणायची, लग्न ठरवायचं, लांब जायचं, तर आमच्याकडे ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतो, तुमचं नाव घेऊन गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची विनवणी, घालतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर देवाची परवानगी. डावी पडली तर नाही. तुम्हाला हसू येत असेल. दिनूच्या घरात कुणी हसत नसे. त्याचे वडील कौल न लावताच बोटीवर गेले होते. बोट परत आली, ते आले नाहीत. तेव्हापासून त्या घरातलं कुणी कौलाशिवाय मोठ्या वाटेला लागलं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. हे ‘माहीत होतं’ जरा नीट वाचा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दिनूची बायको बाळंत झाली. मुलगी. म्हणजे सोयर आलं. दहा दिवस त्या घरातल्या कुणाला देवळाची पायरी चढता येत नाही. आणि सोमवार तर उंबऱ्यावर आलेला.

दिनू माझ्याकडे आला. घरात नाही, खळ्यातच उभा राहिला.

“सुहास, कौल तूच लाव माझ्या वतीनं. आमच्या घरचा नारळ चालायचा नाय, तुझ्या माडाचा घे. पन नाव माझा घाल. तू विचारलास काय नि मी विचारला काय, एकच.”

मी हो म्हणालो. माडावरून नारळ उतरवला, सोलला, शेंडी ठेवली. देवळाकडे चालताना माझ्या मनात काही कपट नव्हतं — असं लिहिणार होतो. पण होतं की नव्हतं, मला खरंच आठवत नाही. पाय भराभर पडत होते, एवढं आठवतं.

देवळात दुपारी गुरवकाकांशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी कळ्या भिजवल्या, लावल्या, हात पुसला आणि विचारलं, “कुणाच्या नावानं?”

मी माझं नाव सांगितलं.

झालं. एवढंच. मला वाटलं होतं, हे लिहायला पानं लागतील.

काकांनी गाऱ्हाणं घातलं — “देवा म्हाराजा, हा तुझा लेकरू सुहास परमुलखात जायचा म्हणतोय, तुझ्या मनात असला तर उजवा दे!” आणि “व्हय म्हाराजा” म्हणायला मी एकटाच. कळी पडली. उजवी. इतक्या झटकन की काका हसले आणि म्हणाले, “देव जसा काय वाटच बघत होता.” मी नमस्कार केला. दुसऱ्यांदा कळ्या लावा, असं सांगायला काय लागणार होतं? काका तिथेच होते. कळ्या ताम्हनात होत्या. मी प्रसादाचा अर्धा नारळ घेऊन बाहेर पडलो.

दिनू त्याच्या खळ्यात बाळाची दुपटी वाळत घालत होता. मी मान हलवली आणि म्हणालो, “डावा.”

त्याने हातातलं दुपटं नीट झटकून दोरीवर टाकलं. “बरा. देवाचा ऐकायचा,” तो म्हणाला. आणि लगेच — लगेच! — “तुझा विचारलास काय?”

“विचारला. उजवा दिलान.”

त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! माझ्या पाठीत गुद्दा घातला त्याने. त्या मालकाला फोनही त्यानेच लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी येत नाही, माझा मित्र घ्या, चांगला आहे. आणि हे सगळं मी शेजारी उभा राहून ऐकलं.

पुढे गुरवकाका गेले. तिकडे फोनवर कळलं तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. वाईट नंतर वाटलं. दिनूने मात्र त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. माझ्या शब्दावर त्याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नव्हती.

आता यंदाचा शिमगा. व्हिसा हातात घेऊन मी गावी आलो. लांज्याच्या स्टॉपवर ढोल घेऊन अख्खी वाडी हजर! हार घातले, पेढे कोंबले, मला खांद्यावर घेतलं. खाली ढोलाच्या तालावर नाचणारा दिनू. कपाळाला गुलाल, सदरा घामाने भिजलेला, आणि सोयरातली ती त्याची मुलगी, आता शाळेत जाते, तीही माझ्या नावाने ओरडत होती. मला लाज वाटली का? नाही. त्या वेळी नाही. छाती फुगली होती माझी. मीही ओरडलो, नाचलो. मी ते कामाने मिळवलं होतं, यार्डात हाडं झिजवली होती — तेही खरंच आहे ना? खरं आहे. आणि तरीही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ग्रामदेवाची पालखी आली ती माझ्या खळ्यात. आणली दिनूनेच, पुढचा खांदा त्याचा. पालखी टेकवली आणि त्याने नव्या गुरवाला, काकांच्या मुलाला, सांगितलं, “आधी ह्याचा गाऱ्हाणा घाल. देवानं ह्याला उजवा दिलान म्हणून आज हा दिवस बघतोय.”

गुरवाने हात जोडले. “देवा म्हाराजा, तू ह्या लेकराला उजवा कौल दिलास…”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी.

“त्याचा भला केलास…”

“व्हय म्हाराजा!”

“असाच खऱ्याच्या पाठीशी ऱ्हा…”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज दिनूचा होता. त्याच्या खालोखाल माझा.

त्याचं काही वाईट झालेलं नाही. बंदरावर स्वतःचं गॅरेज आहे, गाडी आहे. आणि विचारलं असतं तरी कदाचित डावाच पडला असता. नारळही तर माझ्याच माडाचा होता. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्यातलं काहीच मी तुम्हाला सबब म्हणून सांगणार नाही.

उद्या निघतोय. रत्नागिरी स्टेशनवर सोडायला दिनू येणार आहे. आणि त्याच्या नावाचा कौल अजून कुणी लावलेला नाही.