वाळलं की पेटलं

दुष्काळाच्या साली आम्ही दोघी जावा लष्कराच्या गोळीबाराच्या माळावर जळण वेचायला जायचो. गोळीबार थांबून लाल बावटा उतरला की आत शिरायचं. मनाई होती, पण ऐकतंय कोण.

एकदा थोरल्या जावेला धुराच्या बॉम्बचं फुटकं टमरेल सापडलं. "ह्याची राकेलची चिमनी झ्याक हुईल," म्हणत तिने ते घरी आणलं आणि अंगणात बसून आतली खरपुडी पदराने पुसायला लागली. पदरातून पांढरा धूर निघाला, लसणासारखा वास सुटला आणि कापड पेटलं. मी घागर उचलली, अख्खी तिच्यावर आणि टमरेलावर ओतली. विझलं.

"प्यायचं पानी हुतं ना गं ते," जाऊ निथळत म्हणाली.

"मग जळायचं हुतं का, बाई?"

तिने लुगडं बदललं. ओलं मीच पिळून कडब्याच्या गंजीवर वाळत टाकलं. दोन बैलांना तेवढीच वैरण उरली होती. ती संपली की बैल विकायचे, हे घरात ठरलेलं.

मग शेजारणींना जमवून मी माझा पराक्रम सांगत बसले. सांगता सांगता बघते तर गंजीवरचा पदर पेटलेला. काडी नाही, चूल नाही, नुसतं ऊन. मी धावले, लुगडं ओढून बैलांच्या डोणीत बुचकळलं. जावेने धुमसती पेंढी उपसून मातीत लोळवली. माझ्या मनगटावर एक कण चिकटला होता, तो हात पाण्यात घालेपर्यंत जळत राहिला. डाग अजून आहे.

फौजेतून आलेले चुलत सासरे ओरडतच आले. "भाईर काढू नगा! वाळलं की पुन्ना पेटतंय. फॉस्फरस हाय त्यो."

"कोन हाय?" जावेने पदर सावरत विचारलं.

लुगडं आणि टमरेल त्यांनी ओल्या चिखलात खोल पुरलं. डोणीतलं पाणीही ओतून द्यायला लावलं, बैल प्यायले तर मरतील म्हणाले. डोण तीनदा घासून घेतली.

गंजी वाचली, पण बैल तहानलेले. विहीर मैलभर लांब. मनगटाला ओली चिंधी बांधून मी डोक्यावर घागर घेतली. जाऊही निघाली.

"चल," ती म्हणाली, "वाटंत मला पन सांग की तुजा पराक्रम."